सात घरांचं अंगण: बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमधलं एक प्रकरण

विटांचा ट्रक आमच्या अंगणात शिरू शकला नाही, तिथून हे प्रकरण सुरू झालं. २०११ चा जानेवारी. कोपऱ्यावरच्या घराने जुनं कौलारू बांधकाम उतरवून तळमजला आणि वर दोन मजले चढवायचं ठरवलं होतं. ट्रक बाहेरच्या चौकात थांबला. ड्रायव्हर आतवर चालत आला, बोळाची रुंदी पावलांनी मोजली आणि परत जाऊन विटा चौकातच उतरवल्या. पुढचे तीन दिवस बिगारी घमेल्यांनी विटा आत वाहत होते. चौथ्या दिवशी संध्याकाळी कोपऱ्यावरचे काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आपल्या अंगणाचं तोंड मोठं करून घेऊ या. आता बांधकामाला बरं पडेल, आणि उद्या गाड्या आत घेता येतील."

सातांपैकी चार घरांकडे तेव्हा गाडी होती. त्यामुळे कुणी लगेच नाही म्हटलं नाही. आईने मात्र त्या रात्री पानं वाढताना विचारलं, "गाड्या आत आल्या तर आपण बसायचं कुठे?"

या प्रश्नाचा निकाल लागायला चार महिने गेले. तो कसा लागला, त्यात काय राखता आलं आणि काय गेलं, ते इथे लिहून ठेवतो आहे. ही वस्ती ज्या कल्पनेवर उभी राहिली, ती कल्पनाच त्या चार महिन्यांत पणाला लागली होती.

वस्ती कशी बसली

नवी मुंबईतलं सीबीडी बेलापूर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कचेऱ्यांच्या इमारती येतात. त्या इमारतींच्या मागे, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी, सेक्टर ८ मध्ये आर्टिस्ट व्हिलेज आहे. पावसाळ्यात धबधब्यासाठी येणारी पोरं आणि वह्या घेऊन फिरणारे वास्तुकलेचे विद्यार्थी सोडले तर बाहेरचं कुणी फारसं इकडे वळत नाही. कलावंतांनी इथे राहावं, इथेच काम करावं, या विचारातून नाव पडलं. आमच्या अंगणात एक शिल्पकार काका होते. त्यांची ओली माती कायम ओट्यावर गोणपाटाखाली झाकलेली असे.

वस्तीचा आराखडा वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांचा. १९६५ साली प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासोबत त्यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली होती. १९७० मध्ये ते शहर वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पहिली काही वर्षं ते तिचे मुख्य वास्तुरचनाकार होते. आर्टिस्ट व्हिलेजचं काम नंतरचं, १९८३ ते १९८६ मधलं. त्याच सुमाराला मुंबईत पेडर रोडला त्यांची कांचनजंगा ही उंच इमारत पुरी होत होती, अवघ्या ३२ आलिशान घरांची. बेलापुरात त्यांनी सुमारे सहा हेक्टर जागेत साधारण ५५० कुटुंबं बसवली, आणि तीही जमिनीवर. लिफ्ट नाही, सामाईक जिना नाही. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातलं मोठं काम हे आहे.

रचना समजायला सोपी आहे. सात घरं एका अंगणाभोवती. अंगण साधारण आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद. अशी तीन अंगणं एकत्र आली की २१ घरांचा एक चौक, बारा बाय बारा मीटरच्या आसपासचा. असे चौक जोडत जोडत मोठी मोकळी जागा होते, आणि वस्तीच्या मधून एक ओहोळ वाहतो, डोंगरावरचं पाणी खाली नेणारा. माणूस आपल्या दारातून थेट रस्त्यावर येत नाही. आधी अंगण, मग चौक, मग रस्ता. कोकणातल्या घराला ओटा, अंगण, पाणंद असं ओलांडत आपण बाहेर पडतो, तसंच.

दुसरी गोष्ट भूखंडांची. सर्वात लहान भूखंड ४५ चौरस मीटरचा आणि मोठा ७५ च्या आसपास. कमी पगाराचा आणि बऱ्या पगाराचा असे दोघे एकाच अंगणात राहणार, आणि त्यांच्या जमिनीत दुपटीचाही फरक नसणार, हे ठरवून केलेलं होतं. शिवाय प्रत्येक घर सुटं. एकाच्या भिंतीला दुसऱ्याची भिंत लागलेली नाही. ज्याला जमेल त्याने, जमेल तेव्हा आपलं घर वाढवावं. आज एक खोली, पाच वर्षांनी मागची पडवी, मुलाच्या लग्नात वरचा मजला. गावाकडे घरं अशीच वाढतात. सरकारी वसाहतीत घर वाढलं की सहसा नोटीस येते. इथे मात्र वाढणं आराखड्यातच धरलेलं होतं.

ही जमीन आधी रिकामी पडलेली नव्हती, हेही याच नोंदीत यायला हवं. नव्या शहरासाठी तेव्हाच्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या ९५ गावांची जमीन घेतली गेली. आर्टिस्ट व्हिलेजचे नकाशे कागदावर उतरत होते त्याच काळात, १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला, उरण तालुक्यात शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालचं ते आंदोलन जमिनीच्या मोबदल्यासाठी होतं. पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. आमच्या अंगणात मासळी घेऊन येणारी मावशी दिवाळे कोळीवाड्यातली. शहर वसलं ते तिच्या डोळ्यांदेखत. आमच्या तुळशीजवळ टोपली उतरवून ती निवटे आणि चिंबोऱ्या मांडायची तेव्हा तिच्याभोवती सातही घरच्या बायका जमायच्या. टॉवरमध्ये वॉचमन आत सोडत नाही, अंगणात कुणाला विचारावं लागत नाही, हे ती नेहमी म्हणायची.

आमचं अंगण

आम्ही १९८८ मध्ये आलो, तेव्हा मी नऊ वर्षांचा. त्याआधी परळच्या चाळीत दहा बाय बाराची खोली होती. इथे एक खोली, स्वयंपाकाचा कट्टा, मागे न्हाणी आणि डोक्यावर मंगलोरी कौलं. जागा काही फार वाढली नव्हती, पण वर आभाळ मिळालं होतं. आईने पहिल्याच आठवड्यात दारापुढे सडा घातला.

बाबांची नोकरी मुंबईत. लोकल बेलापूरला पोचली १९९३ मध्ये. तोवर रोज बसने वाशीचा पूल ओलांडून मानखुर्द, आणि तिथून हार्बरची गाडी. ते घरी येईतो काळोख पडलेला असे. उकाड्याच्या रात्री सात घरांच्या खाटा बाहेर येत आणि बाबा जेवण झालं की थेट अंगणात आडवे होत. पापड-कुरडयांचं वाळवण, कोजागिरीचं दूध, दहावीच्या वर्षी दिव्याखालचा अभ्यास, हे सगळं त्या चौसष्ट चौरस मीटरमध्ये झालं. भांडणंही झाली. पाण्यावरून, पोरांवरून, आमच्या समोरच्या वहिनींच्या कुत्र्यावरून. पण सगळ्यांची दारं एकमेकांसमोर, त्यामुळे अबोला फार दिवस टिकत नसे.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी आमच्याकडेही डोंगरावरून पाण्याचे लोट येत होते. अंगणात घोट्याएवढं पाणी चढलं, चौकाकडे वळलं आणि चौकातून ओहोळात गेलं. घरात शिरलं नाही. अंगण, चौक, ओहोळ ही उतरंड फक्त शेजारधर्मासाठी नव्हती, ती पाण्याचीही वाट होती, हे मला तेव्हा कळलं.

पेच

काकांची अडचण खरी होती. दोन मुलं, दोन सुना, आणि ५० मीटरच्या आतला भूखंड. वर मजला चढवावा म्हणून त्यांनी इंजिनिअर आणला तेव्हा त्याने सांगितलं, की भिंतीच भार पेलताहेत, पाया उथळ आहे, दोन मजले हवे असतील तर कॉलम घालून नव्याने बांधावं लागेल. म्हणजे वाढवता येईल असं घर वरच्या दिशेला वाढत नव्हतं. वस्तीत बहुतेकांनी पुढे जे केलं ते याच कारणाने. कौलारू घर पाडायचं, स्लॅब घालायचा. आराखड्यातली उणीव कुठली म्हणाल तर मी ही म्हणेन. कौलांच्या चढत्या-उतरत्या छपरांची ती सुरेख ओळ त्यामुळे गेली.

पाडण्यात आणखी एक गुंता होता. घरं सुटी असली तरी आमची आणि काकांची संडास-न्हाणी पाठीला पाठ लावून होती. खर्च वाचावा म्हणून नळ आणि सांडपाण्याची लाइन एकच टाकलेली. त्यांची भिंत पाडली की आमची न्हाणी उघडी पडणार. म्हणजे काकांना आमची संमती हवी होती, आणि आम्हाला ते जाणवत होतं. आईने त्याचा सौदा होऊ दिला नाही. "न्हाणीचं न्हाणीला आणि अंगणाचं अंगणाला," असं तिने मला बजावलं. न्हाणीसाठी आम्ही पहिल्याच दिवशी हो म्हटलं.

अंगणाचा कागद मात्र कुणाकडेच नव्हता. आमच्या भाडेपट्ट्यावर भूखंडाचं माप आहे, अंगणाचा उल्लेख नाही. बाकी सहा घरांचे कागद काढून पाहिले, तिथेही तेच. एका कचेरीत दोन वेळा जाऊन विचारलं, अर्ज दिला, पोच घेतली, उत्तर आलं नाही. ज्याच्याभोवती सगळी वस्ती गुंफली, ती जागा कोणाच्या जबाबदारीवर आहे, हे सात घरांपैकी एकालाही सांगता येत नव्हतं. तेव्हा जे काही ठरायचं ते आमच्यातच ठरणार होतं.

मार्चमध्ये पहिली बैठक झाली आणि ती फिसकटली. गाडीवाले चार, बिनगाडीचे तीन. काकांचं म्हणणं, गाडी बाहेर ठेवली की आरसे चोरीला जातात, काच फुटते. समोरच्या वहिनींचे यजमान म्हणाले, हात वर करून निकाल लावू. तसं झालं असतं तर विषय तिथेच संपला असता. शिल्पकार काका उठून घरात गेले, मोजपट्टी आणि रांगोळीचा डबा घेऊन आले. गाडी उभी करायला अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरतात, ते म्हणाले, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. अंगण चौसष्ट. हिशोबाने पाच गाड्या बसतात. मग त्यांनी रांगोळीने जमिनीवर एकेक चौकोन आखायला घेतला. पहिला काकांच्या नव्या दारासमोर, दुसरा आमच्या ओट्याला लागून. तिसरा आखताना तुळस मध्ये आली. चौथ्या गाडीला बाहेर निघायचं तर दोन गाड्या हलवाव्या लागत होत्या. पाचवा चौकोन त्यांनी आखलाच नाही. "आता सगळ्यांनी आपापल्या घरातून बाहेर येऊन दाखवा," ते म्हणाले.

सत्तरीच्या आजी, गुडघे धरून चालणाऱ्या, दोन चौकोनांच्या मधून वाट काढत आल्या. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. ती रांगोळी पुढचे आठ दिवस पुसली गेली नाही. पोरं तीवर लंगडी खेळली.

काय ठरलं

एप्रिलच्या शेवटी, अक्षय्य तृतीयेच्या आधी, पुन्हा बसलो. ठराव वर्गणीच्या वहीत लिहिला, कारण अंगणाची दुसरी वही नव्हती. अंगणाचं तोंड आहे तेवढंच राहील. चारचाकी आत येणार नाही, दुचाकी फक्त रात्री, भिंतीला लावून. नव्या बांधकामाची ग्रिल, पायरी, संडासाची टाकी, काहीही अंगणाच्या हद्दीत येणार नाही. दवाखान्याला न्यायचं असेल तेव्हा कुठलंही वाहन आत येईल. आणि काकांच्या बांधकामाचं सामान आत वाहायला जी जास्तीची मजुरी लागेल ती सातही घरं वाटून घेतील.

शेवटच्या कलमावर सर्वांत जास्त वेळ गेला, आणि तेच महत्त्वाचं होतं. अंगण सगळ्यांना हवं असेल तर त्याचा भुर्दंड एकट्या काकांनी का सोसायचा? हा मुद्दा माझ्या आईचा. काका त्यावर काही वेळ गप्प बसले, मग त्यांनी वही ओढून पहिली सही केली.

आमच्या वाट्याला सतराशे रुपये आले.

त्याची किंमत

अंगण राहिलं, पण गाड्या कुठे तरी जाणार होत्या. त्या चौकात गेल्या. एकवीस घरांचा चौक १४४ चौरस मीटरचा. तिथे पोरं क्रिकेट खेळत, होळी पेटे, नवरात्रात भोंडला होई. दोन वर्षांत तिथे सात-आठ गाड्या कायमच्या उभ्या राहू लागल्या. शेजारच्या दोन अंगणांतले लोक आमच्याकडे आले आणि त्यांनी स्पष्ट विचारलं, "तुमचं अंगण मोकळं, आणि तुमच्या गाड्या आमच्या दारात, हा कुठला न्याय?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही सात घरांचा विचार केला, एकवीस घरांचा केला नाही. होळी २०१३ पासून ओहोळाकाठी हलवली गेली. भोंडला बंद पडला तो पडलाच. आज मागे वळून पाहताना वाटतं, की ती बैठक चौकात घ्यायला हवी होती, तिन्ही अंगणांना बोलावून.

त्या दोन अंगणांचं पुढे काय झालं तेही सांगतो. एकाने तोंडाला लोखंडी फाटक बसवून आत तीन गाड्या घेतल्या. तिथे आता सगळ्यांची बैठकीची खिडकी बंद असते. दुसऱ्याने अंगणावर पत्रा टाकला, पावसात कपडे वाळावेत म्हणून. कपडे वाळतात, पण दुपारी खाली उभं राहवत नाही.

पाण्याचा भाग नंतर पुढे आला. काकांचं नवं घर बांधताना जोतं दोन फूट वर घेतलं. सगळेच घेतात, कारण पाण्याची भीती असते. मग डावीकडच्या घराने घेतलं. २०१५ मध्ये अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायचे ठरले तेव्हा ते नव्या जोत्यांच्या बेताने बसवले गेले, चार इंच उंच. आमचं घर जुनंच. त्या वर्षी पहिल्या मोठ्या सरीला पाणी उंबऱ्याच्या आत आलं, २००५ ला जे आलं नव्हतं ते. जमीन पाणी पीत नव्हती आणि उतार आमच्याकडे झाला होता.

यावर भांडण होऊ शकलं असतं. तसं झालं नाही, याचं श्रेय मी रांगोळीच्या त्या संध्याकाळला देतो. काकांचा धाकटा मुलगा, सिव्हिलचा डिप्लोमा केलेला, लेव्हलची नळी घेऊन आला. प्लॅस्टिकच्या पारदर्शक नळीत पाणी भरून आम्ही सातही उंबरे मोजले. अर्धे ब्लॉक काढले, मधोमध खडीची पट्टी टाकली, तिच्याखाली चौकाकडे जाणारा पाइप. तुळशीभोवती माती उघडी ठेवली. बाकी अंगणात शहाबादी फरशी, सांधे न भरता. गवत येतं सांध्यांतून, ते महिन्यातून एकदा उपटावं लागतं.

आता

सातांपैकी सहा घरं नवी झाली. दोन कुटुंबं घर विकून खारघरला गेली, त्यांच्या जागी आलेल्यांना वहीतला ठराव वाचून दाखवला. एकाने आधी कटकट केली, मग त्याच्या मुलीचा पहिला वाढदिवस अंगणात झाला आणि त्याने गाडीचा विषय परत काढला नाही. शिल्पकार काका गेले. त्यांच्या ओट्यावर आता त्यांची सून मुलांना चित्रकला शिकवते, शनिवारी दुपारी. कमी उत्पन्नाच्या ज्या माणसांना डोळ्यांपुढे ठेवून ४५ मीटरचे भूखंड पाडले होते, त्यांना आजच्या भावात इथे घर घेता येणार नाही. हे या वस्तीचं दुखणं आहे, आणि अंगण नीट राखून ते बरं होत नाही.

कौलांचं शेवटचं घर आमचं. वासे कुजले आहेत, गेल्या पावसात स्वयंपाकघरात तीन ठिकाणी भांडी लावावी लागली. आईला आता जिना चढवत नाही, म्हणून तिची खोली खालीच राहील, अंगणाकडे तोंड करून. इंजिनिअर जोतं दोन फूट घ्या म्हणतो. मी त्याला नऊ इंच सांगितलं आहे, काकांच्या मुलाने काढून दिलेल्या उताराच्या हिशोबाने. पायरी भूखंडाच्या आत बसवायची, तर ओटा एक हात कमी होतो. आईने त्याला मान्यता दिली.

खोदकाम दिवाळीनंतर, तुळशीचं लग्न झालं की. विटांचा ट्रक चौकात थांबेल. वहीप्रमाणे मजुरीचे सात वाटे होतील, आणि या वेळी चौकातल्या बाकीच्या चौदा घरांनाही मी आधी जाऊन सांगून येणार आहे.